फुईची सांगड

साहसी मुलांचे सिनेमे बघताना माझ्या शेजारी बसायला आमच्या घरात कुणी राजी नसतं. पुतण्या आधीच सोफ्याचं दुसरं टोक गाठतो आणि पुतणी दम देते, "आत्या, तराफा आला की गप्प बसायचं हं." मी कबूल करते. मग पडद्यावरची मुलं तीन ओंडके शेजारीशेजारी ठेवतात, त्यांच्यावरून कसातरी दोर फिरवतात, पुढच्याच दृश्यात तो तराफा पाण्यावर दिमाखात चाललेला असतो, आणि माझ्या तोंडाचा ताबा सुटतो. "अरे, ही काय गाठ झाली? पहिल्या लाटेला सुटेल!" ती सुटत नाही. सिनेमातल्या गाठी कधीच सुटत नाहीत. पण मला गाठीतलं कळतं, आणि कळतं याचा मला गर्व आहे. असला तर असू दे.

हे सिनेमे मला मनापासून आवडतात हेही सांगून टाकते, नाहीतर मला नुसती खुसपटं काढणारी बाई समजाल. त्यांची खरी गंमत खजिन्यात नसते, भुयारातही नसते. ती पहिल्या दहा मिनिटांत असते, जेव्हा मोठी माणसं काही ना काही निमित्तानं घराबाहेर पडतात. कुणी परगावी जातं, कुणी आजारी पडतं, आणि मुलांच्या हाती अख्खा दिवस मोकळा उरतो. कुठं निघालीस, कुणाला विचारून, कधी येशील, हे विचारायला कुणी नाही. ज्या मुलीनं लहानपणी रोज हेच तीन प्रश्न ऐकले, तिला ती दहा मिनिटं काय वाटतात ते मला विचारा. पुढं त्या मुलांना नकाशा सापडो की न सापडो, माझे पैसे तिथंच वसूल होतात.

तक्रार एकच. मुलींच्या वाट्याला या सिनेमांत बहुतेक वेळा सामानावर लक्ष ठेवणं येतं. मुलगे डोंगर चढतात, मुलगी खाली पिशव्या राखते. कधीतरी एखादी वल्हं हातात घेते, आणि मग मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसते.

असा पहिला सिनेमा मी पाहिला तेव्हा माझी सातवी नुकतीच झाली होती. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं, गावात टीव्ही एकच, तोही ग्रामपंचायतीत आणि बऱ्याचदा मुंग्या दाखवणारा. आमचं गाव चाळीसगावहून धुळ्याकडे जाताना रस्ता सोडून आत, नदीकाठी. ही नदी पुढं गिरणेला मिळते. नकाशात तिचं नाव शोधायला भिंग लागेल. अलीकडे आमचं गाव आणि सातवीपर्यंतची मराठी शाळा, पलीकडे बाजाराचं मोठं गाव, हायस्कूल आणि कापसाची जिनिंग. दोन्ही गावं एकमेकांना हाक मारतील एवढ्या अंतरावर. उन्हाळ्यात घोटाभर पाण्यातून पलीकडे जायचं, नाहीतर दोन कोस लांबच्या पुलावरून वळसा, आणि त्या वाटेला एसटी नाही.

त्या वर्षी हायस्कूलला आठवीची तुकडी टिकवायची होती. मुलं कमी पडत होती. हेडमास्तर हुशार. त्यांनी आसपासच्या गावांत निरोप धाडला की सातवी पास मुलामुलींसाठी इंग्रजी सिनेमा दाखवणार आहोत, आईवडिलांनीही यावं. धुळ्याहून एक चाचा मशीन घेऊन आले. दिवसा अंधार कुठं मिळणार? तर जिनिंगच्या गोदामात. हंगाम संपलेला, गोदाम रिकामं, खिडक्या नाहीतच. आत सरकीचा वास कोंडलेला आणि तुळयांना रुईचे पुंजके लटकलेले. चाचांच्या मशीनचा उजेड पडला की ते पुंजके हवेत उडताना दिसायचे आणि पडद्याआधी आम्ही तेच बघत बसलो होतो.

माझ्यासोबत फुई आली होती. फुई म्हणजे आबांची मोठी बहीण, माझी आत्या. आबा म्हणजे माझे वडील. फुईचं सासर तापीकाठचं. तिकडे नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली त्याला तेव्हा वीस वर्षं झाली असतील. उंच, काटक, आणि आवाज असा की शेताच्या या बांधावरून त्या बांधावरची बकरी हलावी. घरात मात्र ती बोलायची कमी. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईनं किती बोलायचं याचं तिचं तिनं एक माप ठरवून घेतलं होतं.

सिनेमात चार मुलगे आणि एक मुलगी. त्यांचे आईवडील सुरुवातीलाच कुठंतरी निघून जातात. मुलांना डोंगराआडचं एक तळं सापडतं, तळ्यात बेट, बेटावर पडका बुरूज. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, म्हणून हायस्कूलचे चित्रकलेचे सर पडद्याशेजारी उभं राहून अर्थ सांगत होते. "आता ही बालके संकटात सापडलेली असून परस्परांत विचारविनिमय करीत आहेत." गोदामातली निम्मी माणसं पेंगायला लागली. इतक्यात ती बालकं तराफा बांधायला बसली, आणि माझ्या शेजारून आवाज उठला.

"इचार काय करतस, दोर कच्चा शे!"

फुई गुडघ्यांवर उभी राहिली होती. "अरे, आडवा घाल ना भो, दोर आडवा! हाई सांगड शे का काड्यासना भारा? बठ्ठा बुडतीन आते!"

गोदामात हशा पिकला. सर थांबले. चाचा मशीनमागून म्हणाले, "बोलो बाई, बोलो," आणि फुई बोलली. तिला ना भाषा कळत होती ना गोष्ट, पण पाणी कळत होतं. वारा कुठून आहे, मुलं कुठल्या बाजूला भार टाकतायत, ती मुलगी वल्हं उलटं कसं धरतेय, हे ती आमच्या अहिराणीत सांगत गेली आणि सगळं गोदाम जागं झालं. पडद्यावरची मुलं तिचं ऐकत नव्हती एवढीच तिची खंत. तराफा बेटाला लागला तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या त्या मुलांसाठी होत्या की फुईसाठी हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी मात्र मान ताठ करून बसले होते. ही माझी फुई, हे शेजारच्या तीन अनोळखी मुलींना मी न विचारता सांगितलं.

घरी येताना तिला विचारलं, "फुई, तुले काय माहीत सांगड?" तर म्हणाली, सासरी तापीच्या वाळूत त्यांच्या डांगराच्या वाड्या होत्या. पिकलेली डांगरं, म्हणजे खरबुजं, पलीकडच्या बाजाराला न्यायला सांगड, म्हणजे तराफाच, लागायची. ती स्वतः पाण्यात उतरून ओढायची. आमच्या घरात हा विषय निघत नसे. बाईमाणसानं चारचौघांत नदीत उतरणं आबांना कमीपणाचं वाटायचं, आणि फुईनं माहेरी आल्यापासून नदीत पाय भिजवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

सिनेमाचा परिणाम म्हणा, हेडमास्तरांनी आबांचा हात धरून केलेल्या विनंतीचा म्हणा, माझं नाव आठवीत घातलं गेलं. आमच्या गावातून हायस्कूलला जाणारी मी पहिली मुलगी. पंधरा दिवस मी घोटाभर पाण्यातून परकर चिमटीत धरून गेले. मग नदी आली. पाणी कमरेच्या वर चढलं, आबांनी माझं दप्तर खुंटीला लावलं आणि म्हणाले, "पानी उतरनं का मंग जाजो."

पाणी संक्रांतीशिवाय उतरत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

आमच्या गावच्या मुली सातवीत का थांबायच्या, याची कारणं मी लहानपणापासून ऐकत आले होते. पोरींना काय करायचंय शिकून, घरात काम कोण करील, जमाना बरा नाही. खरं कारण कुणी उच्चारत नसे. ते मायनं त्या दिवशी भाकरी थापताना उच्चारलं. मुलगे लंगोटीवर नदी उतरतात, कपडे आणि दप्तर डोक्यावर धरतात आणि पलीकडे जाऊन कपडे घालतात. मुलीनं काय करायचं? "वला परकर घालीसन पोर पोऱ्यासमा कशी बठी?" ओल्या परकरानं मुलांमध्ये बसायचं कसं, एवढीच अडचण होती. बुडण्याची भीती कुणाला नव्हती. गावातल्या किती पिढ्यांतल्या मुलींची शाळा एका ओल्या परकरानं अडवली होती, याचा विचार केला की मला आजही संताप येतो.

मला तेव्हा संताप नाही, सिनेमा सुचला. मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी केळीच्या बागेतून तोडून टाकलेले चार खांब ओढत नदीवर नेले. केळीचा खांब पाण्यावर मस्त तरंगतो. सिनेमात बघितले तसे ते शेजारीशेजारी ठेवले, सुतळीनं बांधले, आणि आमच्याकडून जी चूक व्हायची ती झाली. सिनेमातली मुलं तराफ्यावर उभी राहून, डोळ्यांवर हात धरून लांब बघत होती, म्हणून आम्हीही तिघी उभ्या राहिलो आणि डोळ्यांवर हात धरले. लांब बघायला काही नव्हतं. पलीकडे एक म्हैस होती. ती नीट दिसायच्या आत केळीचे खांब चार दिशांना गेले आणि आम्ही तिघी पाण्यात. खोली छातीएवढी असेल. गाळात पाय रोवून बाहेर आलो तर काठावर धुणं धुणाऱ्या बायका, बैलांना पाणी पाजायला आलेले गडी, पलीकडे शाळेला निघालेले मुलगे, सगळे बघत होते. नखशिखान्त भिजून, चिखलानं माखून, मी त्या सगळ्यांमधून घरी गेले.

बातमी माझ्याआधी पोचली होती. आबा ओट्यावर उभे होते. त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं त्यांचा चेहरा बघून वाटलं. "बठ्ठा गावनी दखं," एवढंच म्हणाले. मग आत वळून मायला सांगितलं की शाळेचा विषय संपला, सोमवारी मी जाऊन नाव काढून आणतो.

शाळेकडूनही तसाच निरोप येऊन पडला होता. इतके दिवस गैरहजर राहिली तर नाव कमी करावं लागेल, सोमवारपर्यंत हजर करा. म्हणजे माझ्या हातात चार दिवस होते आणि नदी कमरेवर होती. मी कोपऱ्यात बसून रडले. सिनेमातल्या मुलांचा मला भयंकर राग आला. त्यांचं सगळं कसं व्यवस्थित तरंगतं.

फुई दाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि वीस वर्षांत पहिल्यांदा आबांना पुरुषमाणसांसारखा उलट प्रश्न विचारला. "परकर वला व्हस म्हनीसन शाळा बंद. आनि कोरडा ऱ्हायी गया तर?"

"कोरडा कसा ऱ्हाई? नदी शे ती."

"ते मी दखसू."

आबा चिडले. चिडले की ते अटी घालायचे, बाजारात बैल घेतानाही त्यांची तीच सवय. "परकरना काठ जरी वला व्हई गया ना अक्का, तर नाव काढाले मी सोता जासू."

"बरं," फुई म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

आमच्या मागच्या पडवीत आढ्याला वाळलेले कडू भोपळे टांगलेले असत. फुई दर वर्षी कुंपणावर वेल चढवायची, भोपळे वेलावरच वाळू द्यायची, आणि लाकडासारखे टणक झाले की एकेक टांगायची. बी धरायला ठेवते असं आम्हाला वाटायचं. कुणी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. त्या रविवारी तिनं ते सगळे खाली काढले, बोटानं एकेक वाजवून बघितला, त्यातले सहा निवडले आणि दोराच्या जाळीत बांधले. मग स्वतःची बाज अंगणात आणली. उलटी केली, पाय वर. खालून चारी कोपऱ्यांना चार आणि मध्ये दोन भोपळे आवळले. दोर आडवा, मग उभा, मग पुन्हा आडवा, आणि प्रत्येक गाठ भिजवून ओढायची, म्हणजे वाळताना ती आणखी घट्ट बसते. मी शेजारी बसून सगळं शिकले. बाजेचे वर आलेले चार पाय म्हणजे धरायला चार खांब. मध्ये मी मांडी घालून बसायचं, दप्तर मांडीवर, परकर मांडीखाली खोचून. उभं राहायचं नाही आणि डोळ्यांवर हात तर धरायचाच नाही, हे तिनं मला तीनदा बजावलं आणि दर वेळी स्वतःच हसली.

इथं जरा पुढचं सांगून टाकते, कारण माझ्याच्यानं राहवत नाही. त्या सांगडीनं माझी आठवी नेली, नववी नेली, दहावी नेली. पुढच्या वर्षी तिच्यावर आम्ही तिघी होतो, त्याच्या पुढच्या वर्षी खेपा करून सात, मग फुईनं दोन्ही काठांच्या बाभळींना दोर बांधून दिला आणि मुली स्वतःच सांगड ओढत ये-जा करायला लागल्या. नव्वदीनंतर पूल झाला तोपर्यंत आमच्या गावातल्या चौदा मुली मॅट्रिकला बसल्या होत्या. आसपासच्या एकाही गावातून एवढ्या बसल्या नव्हत्या. त्यातली एक चाळीसगावला नर्स झाली, एक धुळ्याला वकिली करते, मी शाळेत शिकवते. फुई त्या सगळ्या वर्षांत जमिनीवर गोधडी टाकून झोपली, कारण पावसाळा ते संक्रांत तिची बाज नदीवर असायची. साहसी सिनेमे बघून मुलं बिघडतात असं आमच्या शाळेतले काही शिक्षक म्हणायचे. मी त्यांना म्हणायची, बिघडू द्या, आमचं अख्खं गाव एका दुपारी बिघडलं आणि त्याचं आम्हाला भूषण आहे.

तर तो सोमवार.

नदीवर निम्मं गाव जमलं होतं. आबांची अट गावभर झाली होती, आणि बघायला फुकट काही मिळत असेल तर आमचं गाव शेताला थोडं उशिरा जातं. आबा पुढंच उभे होते, धुतलेला सदरा घालून, कारण त्यांना वाटत होतं की थोड्याच वेळात नाव काढायला जायचंय. मी धुवट निळा परकर आणि पांढरं पोलकं घातलं होतं. दोन पोरांनी सांगड उचलून काठाशी पाण्यावर ठेवली. ती तरंगली. लोक "अरे वा" म्हणाले. फुईनं मला दोन्ही हातांनी उचलून बाजेवर ठेवलं, खडकावरूनच, थेंबभर पाण्याचाही स्पर्श होऊ न देता.

आता ओढायला कोण, हे कुणी विचारलंच नव्हतं. आबांनी गृहीत धरलं होतं की फुईनं कुणातरी गड्याला सांगितलं असेल. फुईनं लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला, पदर कमरेला दोनदा गुंडाळून खोचला, दोराचं टोक खांद्यावरून घेतलं आणि पाण्यात पाय टाकला.

"अक्का!" आबा ओरडले. "तू कसाले उतरस? गडी कोठे शे?"

ती वळली नाही. "बुडाले लागनी तर गडी हात लावी का तुनी पोरले?"

परक्या पुरुषाचा हात पोरीला लागू नये, हा त्यांचाच नियम तिनं त्यांच्यापुढं ठेवला होता. वीस वर्षं मान खाली घालून त्या गावात वावरलेली बाई भर सकाळी सगळ्या पुरुषांसमोर नदीत उतरत होती. चार दिवसांत नदी आणखी चढली होती. पाणी गुडघ्यावर आलं, कमरेवर आलं, छातीवर आलं, मग तिचे पाय सुटले आणि ती पोहायला लागली.

मी तिच्याकडे बघत नव्हते. लाज वाटते, पण सांगते. मी माझ्या परकराचा काठ बघत होते. निळ्या परकराला बारीक लाल काठ होता आणि माझ्यासाठी जगात तेवढीच एक गोष्ट होती. भोपळे खालून डुगडुगत होते. बाजेच्या विणीतून पाणी चमकताना दिसायचं, बोटभर खाली. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

मधल्या धारेला ओढ होती. तिथं सांगड एका कोपऱ्यावर कलली आणि विणीतून पाणी वर आलं. मी किंचाळले. परकर गोळा करून छातीशी धरला. "हालू नको!" फुईचा आवाज आला, "मन्हाकडे दखू नको, तठे दख, शाळाकडे!" आणि कललेला कोपरा हळूच वर आला. तिनं दोर सोडून त्या कोपऱ्याखाली खांदा दिला होता. तिचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. सांगड सरळ राहिली. अशीच तिनं ती उरलेली नदी ओलांडली, एका हातानं पाणी कापत, खांद्यावर कोपरा तोलत.

पलीकडचा खडक आला. तिथं मात्र तिनं मला उचललं नाही, कारण आता तिचे हात ओले होते. "उडी मार," म्हणाली. मी मारली. खाली बघितलं. लाल काठ कोरडा होता, सगळा, चारी बाजूंनी. मी तो दोन्ही हातांनी उंच धरून गावाला दाखवला आणि पलीकडून पोरांनी शिट्ट्या मारल्या.

फुई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. तिनं तोंडावरचे केस मागे सारले आणि तिच्या त्या बांधावरच्या आवाजात ओरडली, "आबा, दख! तुनी पोर कोरडी शे!"

आणि मग तिला कळलं असावं की आता पाण्यातून बाहेर यावं लागणार. लुगडं अंगाला चिकटलेलं, पदर ओघळलेला, समोर निम्मं गाव. जे माझ्यावर येऊ नये म्हणून ती उतरली होती ते सगळं तिच्यावर आलं होतं. ती तशीच उभी राहिली. वर आली नाही, मागेही वळली नाही. मी खडकावर कोरडी उभी होते.

पलीकडून आबांचा आवाज आला. मी त्यांना इतक्या जोरात ओरडताना आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "काय तमाशा शे का आठे? फिरा! तोंडं फिरावा बठ्ठासनी!"

एकेक करून सगळे पुरुष वळले. आबांनी एका म्हाताऱ्याचा खांदा धरून त्यालाही वळवलं, आणि सगळ्यांत शेवटी स्वतः नदीकडे पाठ करून उभे राहिले. काठावर नुसत्या टोप्या आणि पाठी दिसत होत्या. मग फुई वर आली. मला म्हणाली, "जा, घंटा व्हई जाई."

मी गेले. हजेरी झाली, नाव राहिलं. दिवसभर वर्गात सगळे मुलगे माझ्याकडे बघत होते, आणि मी दर थोड्या वेळानं काठ चाचपून बघत होते, तो अजून कोरडा आहे ना म्हणून.

पाच वाजता सुटून नदीवर आले तर फुई बाभळीखाली बसलेली. घरी जायला नदीच उतरावी लागली असती, पुन्हा ओलं होऊन गावातून जावं लागलं असतं, आणि मला परत न्यायचं होतंच. म्हणून ती तिथंच थांबली होती, सकाळपासून, उपाशी. लुगडं अंगावरच वाळलं होतं. खांद्यावर, जिथं बाजेचा कोपरा तोलला होता, तिथं कातडी सोलली होती.

तिनं विचारलं, "काय शिकाडं आज?"

मी खरं ते सांगितलं. "काहीच ध्यानमा नही, फुई. मन्हं बठ्ठं ध्यान परकरकडेच व्हतं."

ती उठली, पदर कमरेला खोचला, दोर खांद्यावर घेतला आणि पाण्यात उतरता उतरता म्हणाली, "मंग सकाय नीट ध्यान देजो. मी काय रोज फुकट वली व्हनार नही."